मेंदूंतील रसशाळा आणि तिचा पहारेकरी

अंबरनाथजवळच्या मोरिवली येथें औद्योगिक वसाहत आहे आणि तींत रासायनिक कारखानेहि आहेत. अशा कोणत्याहि कारखान्याचा कारभार वरवर पाहिला तरी एक गोष्ट ध्यानांत येते. कच्चा माल एका बाजूनें आंत येतो, एका पात्रांतून दुसऱ्या पात्रांत जातो आणि अखेरीस तयार माल टाक्यांत सांठविला जातो. टाक्या भरल्या आणि बाहेरून मागणी आली नाहीं, तर व्यवस्थापक शेवटच्या पात्रापाशीं धांवत नाहीं. तो पहिल्या पात्राची तोटी आवळतो. मागणी वाढली कीं तीच तोटी तो सैल करतो. माल नासूं नये आणि तुटवडाहि पडूं नये, ह्यासाठीं एवढी एक तोटी ताब्यांत असली म्हणजे पुरे होतें.

माणसाच्या कवटींतहि अशाच रसशाळा अहोरात्र चालूं असतात. त्यांत तयार होणारीं द्रव्यें म्हणजे मेंदूचे जासूदच होत. एका मज्जापेशीचा निरोप दुसरीला पोंचविणें हें त्यांचें काम. दोन पेशींच्या मध्यें बहुधा एक अतिसूक्ष्म फट असते. पेशीच्या अंगांतून निरोप विजेच्या रूपानें धांवत येतो. ह्या फटीपाशीं मात्र त्याला रूप पालटावें लागतें आणि रसायन होऊन तो पलीकडे जातो. अशा संदेशवाहक द्रव्यांपैकीं डोपामीन हें एक आहे. मनांत येतांच हात उचलला जावा, चालतांना पाऊल अडूं नये, एखादें काम हातीं घेण्याची उमेद वाटावी, ह्या सर्वांशीं त्याचा निकट संबंध आहे. मेंदूंतील मज्जापेशींची संख्या सुमारें ८६०० कोटी मानतात. त्यांपैकीं डोपामीन तयार करणाऱ्या पेशी केवळ कांहीं लाख आहेत. त्यांतल्या पुष्कळशा मेंदूच्या खालच्या अंगास, काळसर दिसणाऱ्या एका लहान पट्ट्यांत वसलेल्या आहेत. त्या पट्ट्याला कृष्णद्रव्य असें नांव आहे. इतक्या थोड्या पेशींवर इतक्या मोठ्या देहाचें चलनवलन अवलंबून असल्यामुळें, माल किती तयार करावा ह्याचा हिशेब त्यांना फार काटेकोरपणें ठेवावा लागतो. तो हिशेब कोण ठेवतो, आणि तो मोडला असतां घरच्या मंडळींवर कोणती जबाबदारी येऊन पडते, हें समजून घेणें अगत्याचें आहे. कारण कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनच्या विकाराचा, रोगी ज्या घरांत आहे त्या घराला ह्या हिशेबाशीं रोजची गांठ पडते.

रसशाळेचा कच्चा माल अगदीं घरगुती आहे. डाळी, दूध, अंडीं, मासळी ह्यांतील प्रथिनें पचलीं म्हणजे त्यांतून जीं अमिनो अम्लें सुटतात, त्यांत टायरोसीन नांवाचें एक असतें. यकृतालाहि दुसऱ्या एका अमिनो अम्लापासून तें तयार करतां येतें. रक्तावाटे तें मेंदूंत शिरतें आणि पेशींत पोंचतें. पुढचें काम दोन पायऱ्यांचें आहे. पहिल्या पायरीवर टायरोसीनचें डोपा होतें. दुसऱ्या पायरीवर डोपाचें डोपामीन होतें. प्रत्येक पायरीवर एकेक विकर, म्हणजे एन्झाइम, राबत असतें. दुसऱ्या पायरीवरील विकर मोठें चपळ आहे. डोपा हातीं आलें कीं तें त्याचें डोपामीन करून मोकळें होतें. थांबणें त्याला ठाऊक नाहीं. पहिल्या पायरीवरील विकराची गोष्ट निराळी. त्याचें नांव टायरोसीन हायड्रॉक्सिलेझ. १९६४ सालीं नागात्सु, लेविट आणि उडेनफ्रेंड ह्या तिघां संशोधकांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. हें विकर सावकाश चालतें. त्याला प्राणवायु लागतो, लोहाचा एक कण लागतो, आणि शिवाय एका साहाय्यक द्रव्याची सोबतहि लागते. कारखान्याचा वेग सर्वांत मंद पात्रावरून ठरतो, त्या न्यायानें डोपामीनचें उत्पादन ह्या पहिल्या पायरीवरून ठरतें. तेव्हां तोटी बसवावयाची तर ती येथेंच. आणि निसर्गानें ती नेमकी येथेंच बसविली आहे.

कारखान्यांत तोटीपाशीं माणूस उभा असतो. पेशींत कोण उभें आहे? ह्याचें उत्तर मोठें मौजेचें आहे. तेथें दुसरें कोणी नसून तयार झालेला मालच पहारा करीत असतो. पेशींत डोपामीन अधिक सांचलें कीं त्याचे कण त्या पहिल्या विकराच्या लोहापाशीं जाऊन घट्ट बसतात, आणि विकराचें काम अडतें. डोपामीन कमी झालें कीं ही अडवणूक सैल पडते. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीस पोंचलें म्हणजे ते आपोआप उघडतात. तेथें वाढलेलें पाणीच दरवाजाला आज्ञा करतें. मेंदूंत वाढलेलें द्रव्य आपल्याच जन्माची वाट रोखतें, एवढाच काय तो फरक. दोनहि ठिकाणीं पातळीच कारभारी झालेली असते.

परंतु एवढ्यानें भागत नाहीं. पेशीला जेव्हां पुष्कळ निरोप एकामागून एक पाठवावे लागतात, तेव्हां माल झपाट्यानें खर्च होतो आणि त्याच झपाट्यानें तयार व्हावा लागतो. अशा वेळीं पेशींत कॅल्शियम शिरतें आणि त्याच्या प्रेरणेनें पहिल्या विकराला फॉस्फेटचा एक कण जोडला जातो. तो कण जोडतांच विकराला चिकटून बसलेलें डोपामीन सुटतें, आणि अडलेलें काम पुन्हां सुरू होतें. हा बदल क्षणां-मिनिटांचा आहे. मागणी दीर्घकाळ टिकली, तर पेशीच्या गाभ्यांतील जनुकाला जाग येते आणि खुद्द त्या विकराचेच नवे कण अधिक संख्येनें तयार होऊं लागतात. ह्याला तास आणि दिवस लागतात. म्हणजे तांतडीची गरज निराळ्या उपायानें आणि कायमची गरज निराळ्या उपायानें भागविली जाते. घरीं अचानक पाहुणे आले तर आहे त्याच चुलीचा जाळ वाढवितात, आणि कुटुंबच वाढलें तर दुसरी चूल मांडतात, तसेंच हें आहे.

ह्याशिवाय पेशी आपल्याच मालाची चव बाहेरूनहि घेते. फटींत सोडलेलें डोपामीन पलीकडच्या पेशीपर्यंत जातें, तसें तें सोडणाऱ्या पेशीच्या अंगावरील ग्राहकांनाहि लागतें. हे ग्राहक म्हणजे पेशीचे कानच म्हणावे. बाहेर पुरेसें द्रव्य आहे असें त्यांनीं ऐकलें कीं पेशी सोडणेंहि कमी करते आणि बनविणेंहि कमी करते. काम झाल्यावर फटींतील बरेंचसें डोपामीन ती परत आंत ओढून घेते आणि बारीक कोठ्यांत भरून पुन्हां वापरते. कोठ्यांत असलेला माल सुरक्षित राहतो. कोठ्यांच्या बाहेर जो उरतो, त्याचा नाश करण्यासाठीं दुसरें एक विकर सदैव टपलेलें असतें.

एवढ्या बंदोबस्तामुळेंच एक सर्वसाधारण समजूत फोल ठरते. टायरोसीनयुक्त पदार्थ अधिक खाल्ले म्हणजे मेंदूंत डोपामीन वाढेल, असें पुष्कळांना वाटतें. पोटभर सकस जेवणाऱ्या माणसाच्या मेंदूंत पहिल्या विकराला लागणारा कच्चा माल सहसा पुरेसाच असतो. दारांत धान्याच्या आणखी गोण्या आणून टाकल्या म्हणून जातें काहीं अधिक वेगानें फिरत नाहीं.

ह्या व्यवस्थेचा शोध जगाला लागला, त्यांत मुंबईचाहि एक वांटा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडील वैद्य पूर्वापार वापरीत आले. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं उन्मादावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असें वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलें. पुढें मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर तिचा पद्धतशीर प्रयोग करून त्याचा वृत्तान्त १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें प्रसिद्ध केला. त्या वृत्तान्तानें पाश्चात्त्य वैद्यकाचें लक्ष ह्या मुळीकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनीं तींतून रेसरपीन हें द्रव्य वेगळें काढलें, आणि १९५७ सालीं डॉ. वकिलांना अमेरिकेंतील लास्कर पारितोषिकाचा मान मिळाला.

रेसरपीननें रक्तदाब उतरे, मन शांत होई. परंतु कांहीं रोग्यांना विषण्णता येई, आणि कांहींचे हातपाय कंपवाताच्या रोग्याप्रमाणें ताठत. असें कां व्हावें? स्वीडनमधील आर्विड कार्लसन ह्यांनीं सशांना रेसरपीन दिलें. ससे जागच्या जागीं निश्चल बसून राहिले. मग त्यांना डोपा टोंचलें. ससे पुन्हां हिंडूं फिरूं लागले. हा प्रयोग १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें उलगडा झाला तो असा. रेसरपीन हें डोपामीन भरून ठेवणाऱ्या कोठ्यांचीं दारें बंद करतें. कोठींत जागा न मिळालेला माल बाहेर पडून राहतो आणि टपलेलें विकर तो नष्ट करतें. कोठार रितें झालें कीं निरोप थांबतात आणि निरोप थांबले कीं देह थिजतो. तोंपर्यंत डोपामीन हें केवळ दुसऱ्या द्रव्याच्या वाटेवरचा एक टप्पा असें मानीत. कार्लसन ह्यांच्या कामानें तें स्वतंत्र संदेशवाहक ठरलें, आणि २००० सालीं त्यांना नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. मुंबईच्या रुग्णालयांत तपासलेली मुळी अशा रीतीनें मेंदूच्या कोठारांची किल्ली ठरली.

१९६० सालीं व्हिएन्ना येथें एरिंगर आणि हॉर्निकिएविच ह्यांनीं कंपवातानें मृत्यु पावलेल्या रोग्यांचे मेंदू तपासले. ज्या भागांत कृष्णद्रव्याच्या पेशींचे तंतु पोंचतात, तेथें डोपामीन अतिशय घटलेलें आढळलें. जेम्स पार्किन्सन ह्या इंग्रज वैद्यानें १८१७ सालीं ह्या रोगाचें वर्णन केलें होतें. त्याचें रासायनिक रहस्य उमगावयास जवळ जवळ दीडशें वर्षें लागलीं. ह्या रोगांत कृष्णद्रव्यांतील पेशी हळूहळू मरतात. आणि येथेंच मघां वर्णिलेल्या नियमनाची दुसरी बाजू दिसते.

कांहीं पेशी मेल्या म्हणून रोगी लगेच कांपूं लागत नाहीं. उरलेल्या पेशी आपली तोटी सैल करतात, अधिक माल तयार करतात, अधिक सोडतात. पलीकडच्या पेशीहि थोड्या निरोपांतून अधिक अर्थ काढावयास शिकतात. बाहेरून सर्व कांहीं सुरळीत चाललेलें दिसतें. अशीं कित्येक वर्षें जातात. सुमारें निम्म्या पेशी नष्ट झाल्या आणि तंतूंच्या टोंकाशीं असलेलें डोपामीन त्याहूनहि अधिक घटलें, म्हणजे मग कोठें हाताला कंप सुटतो, अक्षर बारीक होत जातें, सदऱ्याची गुंडी लावतांना बोटें अडखळतात. ज्या नियमनानें माणसाला इतकीं वर्षें तारलें, त्यानेंच रोगालाहि पडद्याआड ठेवलेलें असतें. वास न येणें, जुनाट मलावरोध, झोपेंत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणें, अशीं चिन्हें कित्येक रोग्यांत कंपाच्या पुष्कळ आधीं आलेलीं असतात. एकटें एकादें चिन्ह म्हणजे हा रोग, असें नव्हे. परंतु अशीं दोनचार चिन्हें एकत्र दिसलीं, तर मज्जारोगतज्ज्ञाचा सल्ला घेणें शहाणपणाचें होय.

आतां उपायाकडे पाहूं जातां असें दिसतें कीं डोपामीन सरळ पोटांत देऊन उपयोग नाहीं. रक्त आणि मेंदू ह्यांच्यामध्यें जो बांध आहे, तो त्याला ओलांडतां येत नाहीं. डोपा मात्र तो ओलांडूं शकतें. कारण अमिनो अम्लांसाठीं तेथें जी वाट राखलेली आहे, तिनें तें आंत शिरतें. १९६१ सालीं व्हिएन्ना येथेंच बिर्कमायर आणि हॉर्निकिएविच ह्यांनीं रोग्यांना डोपा टोंचून गुण येतो हें दाखविलें. १९६७ सालीं अमेरिकेंत कोत्झियास ह्यांनीं तें तोंडावाटे, थोड्या मात्रेपासून सुरुवात करून हळूहळू वाढवीत नेलें, आणि उपचार खऱ्या अर्थानें व्यवहारांत आला. आज लेव्होडोपा ह्या नांवानें तेंच औषध दिलें जातें. सोबत कार्बिडोपासारखें एक द्रव्य असतें; तें लेव्होडोपाला मेंदूंत पोंचण्यापूर्वींच वाटेंत खर्ची पडूं देत नाहीं.

हें औषध रसशाळेंत कोणत्या दारानें शिरतें, तें मात्र नीट पाहिलें पाहिजे. लेव्होडोपा हा पहिल्या पायरीनंतरचा माल आहे. ज्या तोटीपाशीं सारा पहारा बसलेला आहे, ती तोटी ओलांडून तें सरळ दुसऱ्या पायरीवर येतें. आणि दुसऱ्या पायरीवरचें विकर तर थांबणें जाणतच नाहीं. म्हणजे पहारेकऱ्याला बगल देऊन माल आंत आला. हेंच ह्या औषधाचें सामर्थ्य आणि हेंच त्याचें संकट. रोगाच्या आरंभीं पेशी बऱ्याच शिल्लक असतात. त्या आलेला माल कोठ्यांत भरून ठेवतात आणि गरजेप्रमाणें सोडतात. पुढें पेशी आणखी कमी झाल्या कीं कोठारेंहि कमी होतात. मग गोळी घेतली कीं डोपामीनची लाट येते, आणि कांहीं तासांनीं ती ओसरते. लाट फार चढली तर अंग आपल्या इच्छेविरुद्ध वळवळूं लागतें. ओसरली तर पाऊल जमिनीला खिळतें. जो हिशेब पेशी मुकाट्यानें ठेवीत होती, तो आतां डॉक्टराच्या चिठ्ठीवर आणि घरांतल्या घड्याळावर येऊन पडतो.

म्हणूनच अशा घरांत वेळेला इतकें महत्त्व आहे. डॉक्टरानें सांगितलेल्या वेळेलाच गोळी दिली पाहिजे. अर्ध्या तासाची हयगय निरोगी माणसाला क्षुल्लक वाटते, परंतु रोग्याला ती पावलागणिक जाणवूं शकते. प्रथिनांचें जेवण आणि गोळी एकाच वेळीं पोटांत गेलीं, तर दोघांनाहि एकाच वाटेनें शिरावयाचें असल्यामुळें कित्येक रोग्यांत औषध मागें पडतें. ह्याकरितां गोळी जेवणापूर्वीं किती वेळ घ्यावी, आणि डाळ, मासळी, दूध दिवसांतून केव्हां घ्यावें, हें डॉक्टरांस विचारून ठरवावें; प्रथिनें अजिबात तोडणें हा त्यावर उपाय नव्हे. औषध एकाएकीं बंद करणें तर फार धोक्याचें. अंग कडक होऊन, तीव्र ताप चढून जिवावरचा प्रसंग ओढवूं शकतो. रोगी दुसऱ्या कांहीं आजारासाठीं रुग्णालयांत दाखल झाला, तर ह्या गोळ्यांची वेळ तेथील डॉक्टरांना आणि परिचारिकांना सांगणें हें घरच्या माणसांचें पहिलें काम आहे.

एका वनस्पतीविषयींहि चार शब्द सांगणें अवश्य आहे. कोंकणांत आणि ठाणें जिल्ह्याच्या रानांत खाजकुइलीचा वेल आढळतो. तिच्या शेंगेवरील लव अंगाला लागली तर असह्य खाज सुटते, हें रानांत हिंडणाऱ्या सर्वांना माहीत आहे. तिचें बीं, म्हणजे वैद्यांचें कवचबीज, आयुर्वेदांत पूर्वीपासून वापरांत आहे. १९३७ सालीं मद्रासचे दामोदरन् आणि रामस्वामी ह्यांनीं ह्या बियांतून डोपा वेगळें काढलें. त्या वेळीं मेंदूंत त्याचें काय काम आहे हें जगांत कोणालाहि ठाऊक नव्हतें. पुढें १९७८ सालीं मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं कंपवाताच्या रोग्यांवर ह्या बियांच्या चूर्णाचा प्रयोग करून तो न्यूरॉलॉजी इंडिया ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. तेव्हां ह्या वनस्पतींत गुण आहे ह्यांत शंका नाहीं.

परंतु "झाडपाल्याचें औषध आहे, अपाय व्हावयाचा नाहीं" असें म्हणून तें मनानेंच सुरू करणें हा भलता धीर होय. बियांत जें डोपा आहे तें गोळींतल्या द्रव्याहून निराळें नाहीं. तेंहि त्याच दारानें शिरतें आणि त्याच पहारेकऱ्याला बगल देतें. शिवाय एका बियांत तें किती आहे आणि दुसऱ्यांत किती, ह्याचें प्रमाण एकसारखें नसतें. गोळी चालूं असतां वर चूर्णहि घेतलें, तर दोहोंची बेरीज किती झाली हें डॉक्टरालाहि कळावयास मार्ग उरत नाहीं. ज्याला चूर्ण घ्यावयाचें असेल त्यानें तें लपवूं नये. वैद्याला गोळीविषयीं आणि डॉक्टराला चूर्णाविषयीं स्पष्ट सांगावें.

ह्या कामांत घर एकटें नाहीं. मुंबईंत २००१ सालीं पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी स्थापन झाली. पुण्यांत पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. व्यायाम, बोलण्याचा सराव, परस्परांचे अनुभव, ह्यांचा लाभ रोग्याला आणि त्याची शुश्रूषा करणारालाहि अशा ठिकाणीं मिळतो. मेलेल्या पेशी परत आणण्याची विद्या अद्याप हातीं आलेली नाहीं. तोंपर्यंत गोळीच्या वेळा, त्यानंतर रोगी किती वेळ मोकळेपणानें हिंडला, केव्हां अडला आणि केव्हां अंग वळवळलें, ह्यांची नोंद एका साध्या वहींत रोजच्या रोज ठेवावी आणि ती वही डॉक्टरांपुढें ठेवावी. पेशीला बाहेरील डोपामीनची चव घेऊन जें कळत होतें, तें डॉक्टरांना ह्या वहीवरून कळतें, आणि मात्रा वाढवावी कीं घटवावी हें ठरवावयास दुसरें इतकें सोपें साधन नाहीं.